रेघेखालचे नाव

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. काय घ्यायचे हे ठरवून तिथे जाण्यात अर्थ नसतो. जे समोर येईल ते पाहायचे आणि एखाद्या वस्तूवर नजर ठरली तर थांबायचे, एवढेच. त्या रविवारी गोणपाटावर मांडलेली जुनी कुलपे, पितळी अडकित्ते आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या पलीकडे, एका लोखंडी खाटेच्या पायाला टेकवून ठेवलेली एक तसबीर माझ्या नजरेस पडली. तिची काच एका कोपऱ्यात तडकली होती आणि वर धुळीचा असा थर होता की आत चित्र आहे की फोटो, हेही कळत नव्हते. रुमालाच्या टोकाने थोडी काच पुसली तेव्हा पाणी दिसले. आणखी थोडी पुसली तेव्हा पाण्यापलीकडची झाडे दिसली, आणि झाडांच्या वर, उन्हात निम्मा उजळलेला एक मनोरा. माझे आजोळ कोल्हापूरचे. लहानपणीच्या मे महिन्यांतल्या कितीतरी संध्याकाळी मी रंकाळ्याच्या काठावर काढल्या आहेत. ते पाणी कुठले, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

"आबालालचं आहे ते," विक्रेता म्हणाला, "मागं लिहिलंय बघा." मागे खरोखरच लिहिलेले होते. खाकी कागदावर, निळ्या बॉलपेनने, ठसठशीत अक्षरांत: आबालाल. त्याने तीन हजार सांगितले, घासाघीस होऊन चौदाशेला सौदा ठरला, आणि ती तसबीर जुन्या चादरीत गुंडाळून मी रिक्षाने घरी आणली.

कोल्हापूरच्या चित्रकलेची थोडी जरी माहिती असेल, तरी हे नाव ऐकून माणसाचे काय होते ते समजेल. आबालाल रहिमान हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि पुढे शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले चित्रकार. कोटितीर्थाच्या काठी राहून तिथले पाणी, झाडे, सकाळचे धुके आणि उतरते ऊन त्यांनी ज्या मायेने रंगवले, तिच्यामुळे कोल्हापूरच्या पुढच्या कितीतरी चित्रकारांना आपल्या गावाकडे कसे पाहायचे हे कळले, असे मला वाटते. १९२२ साली शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली अनेक चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात अजूनही सांगतात. ही कथा ऐकत मोठे झालेल्या प्रत्येकाच्या मनात एक वेडी आशा असते, की पाण्यात न गेलेले एखादे चित्र कुठल्यातरी वाड्याच्या माळ्यावर, कुठल्यातरी ट्रंकेच्या तळाशी अजून असेल आणि एक दिवस ते आपल्या हाती लागेल. ती आशा मलाही होती. पुढचे दोन आठवडे मी त्या चित्राकडे ज्या डोळ्यांनी पाहिले, ते डोळे माझे नव्हते; आधी ठरलेल्या नावाची ते चाकरी करत होते. पाण्यावरचा प्रकाश मला आबालालांचा दिसला, झाडांचा हिरवा आबालालांचा दिसला, आणि कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात अनेक वर्षांपूर्वी पाहिलेली त्यांची चित्रे मी आठवून आठवून या चित्राशी जुळवत राहिले.

मग एका सकाळी, चहा पिता पिता, मनोऱ्याकडे लक्ष गेले. इतके दिवस तो माझ्यासमोरच होता. रंकाळ्याच्या काठावर, झाडांच्या वर निघालेला घड्याळाचा मनोरा म्हणजे शालिनी पॅलेस. या राजवाड्याचे बांधकाम १९३१ ते १९३४ या काळात झाले. आबालाल वारले ते १९३१ साली. चित्रातला राजवाडा बांधून पूर्ण झालेला आहे, त्याच्या कमानींत सावल्या आहेत, मनोऱ्यावर ऊन आहे आणि खालच्या बागेतली झाडे त्याच्या पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचलेली आहेत. आबालालांना हा देखावा दिसणे शक्यच नव्हते. आणि मागच्या बाजूचे ते बॉलपेन! बॉलपेन सर्रास मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे चित्राला आबालालांचे नाव देणारा हातही पुष्कळ नंतरचा होता.

मला वाईट वाटले, हे कबूल करते. किमतीचा विचार मनात आलाच नव्हता असे म्हणणे खोटे होईल, पण वाईट वाटले ते तेवढ्यासाठी नव्हे. एखाद्या ओळखीच्या माणसाला पाठमोरे पाहून हाक मारावी आणि त्याने वळून पाहिल्यावर चेहरा अनोळखी निघावा, तसे ते होते. मात्र त्या अनोळखी चेहऱ्याकडे पाहत राहिल्यावर मला दुसरीच एक गोष्ट खटकू लागली. हे चित्र मला आवडले होते ते नाव कळण्याच्या आधी, धुळीच्या थरातून पाणी दिसले त्या क्षणी. ते पाणी ज्याने काढले तो माणूस कोणीतरी होता. त्याचे नाव पुसून दुसऱ्याचे नाव चिकटवले गेले होते, आणि दोन आठवडे मीही ते चिकटवण्याला हातभार लावला होता.

असे मोठमोठ्या चित्रांच्या बाबतीतही होते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले, हातात समई धरलेल्या तरुणीचे जलरंगातले चित्र सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. तिच्या बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड एकदा पाहिला की विसरता येत नाही. हे चित्र सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे आणि ते त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगवले. समई धरलेली ती तरुणी ही त्यांची स्वतःची मुलगी, आणि पुढे तिचे वास्तव्य कोल्हापुरातच होते. तरीही हे चित्र राजा रविवर्म्यांचे म्हणून आजही घरोघर दाखवले जाते. रविवर्मा वारले १९०६ साली. हळदणकरांसारख्या, मुंबईत कलासंस्था चालवलेल्या, आयुष्यभर मानसन्मान मिळवलेल्या चित्रकाराच्या वाट्याला जर हे येत असेल, तर ज्याचे नाव कुठल्याही कोशात नाही त्याचे काय होत असेल? सुंदर जुने चित्र दिसले की आपण ते जवळच्या मोठ्या नावाच्या खात्यावर जमा करतो. त्यात त्या मोठ्या चित्रकाराचा मान वाढत नाही. दुसऱ्या कोणाचा तरी मात्र संपूर्ण जातो.

तेव्हा मी ठरवले की हा माणूस शोधायचा.

कागदाच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या एका मैत्रिणीकडे मी तसबीर घेऊन गेले. तिने ती पालथी ठेवली, गंजलेल्या चुका एकेक करून पकडीने काढल्या, आणि देवदाराच्या पातळ फळ्या उचलल्या. आत वाळलेल्या झुरळांच्या अंड्यांची टरफले होती, कसरीने खाल्लेला एका मराठी दैनिकाचा कागद होता, आणि चौकटीच्या आतल्या अंगाला, खाकी कागदाच्या घडीखाली सुरक्षित राहिलेली, फ्रेम करणाऱ्याची चिठ्ठी होती. महाद्वार रोड, कोल्हापूर, एवढा पत्ता छापलेला. खाली टाकाने लिहिलेली रक्कम: रु. ३-१२-०. तीन रुपये बारा आणे. ही मांडणी पाहताच मैत्रीण हसली, कारण आम्हांला हवे होते त्यांपैकी निम्मे तिथेच मिळाले होते. आपल्याकडे नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ रोजी. त्यानंतरही लोक काही दिवस आण्यांतच बोलत राहिले असतील, पण दुकानदाराने पावतीवर आणे लिहिले म्हणजे फ्रेम त्या सुमाराच्या अलीकडची नाही. राजवाडा १९३४ चा, फ्रेम फार तर १९५७ ची. मधल्या तेवीस वर्षांत कोणीतरी रंकाळ्याच्या काठी बसले होते.

मग तिने माउंटपासून, म्हणजे चित्राला लावलेल्या पुठ्ठ्यापासून, कागद सोडवला. हे काम तिने फार सावकाश केले. जुनी खळ ओलसर कापडाने मऊ करायची, पातळ सुरी आडवी सरकवायची, थांबायचे, पुन्हा सरकवायची. कागद सुटला आणि तिने तो उजेडासमोर धरला. उजव्या काठाशी जलचिन्हाची, म्हणजे कागदातच उमटवलेल्या खुणेची, तीन इंग्रजी अक्षरे दिसली, बाकीची कापली गेली होती. व्हॉटमन या नावाची ती शेवटची अक्षरे होती. अठराव्या शतकापासून इंग्लंडच्या केंट परगण्यात होणारा हा कागद जलरंगांसाठी नावाजलेला होता, आणि त्याच्या जलचिन्हात नावाबरोबर पुष्कळदा सालही असे. आमच्या तुकड्यावर साल नव्हते. एक पूर्ण ताव चौघांत वाटावा तसा चार तुकड्यांत कापला गेला होता, आणि साल राहिले होते दुसऱ्या कुठल्यातरी तुकड्यावर. तो तुकडाही चित्र होऊन कोणाच्या तरी भिंतीवर लागला असेल. महागाचा कागद चार ठिकाणी पुरवून वापरणारा हा माणूस श्रीमंत नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

कागदाची पाठ त्याहून बोलकी निघाली. तिथे पेन्सिलीने काढलेली अर्धी नक्षी होती: मधोमध उभी रेघ, तिच्या डाव्या बाजूला पाने आणि वळलेले देठ, उजव्या बाजूला तीच आकृती अर्ध्यावर सोडलेली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांना बसलेल्या कोणालाही हे मुक्तहस्तचित्र लगेच ओळखू येईल. पण रेघ विद्यार्थ्याची नव्हती. ती न थबकता, एका दमात फिरलेली होती. मुलांना फळ्यावर काढून दाखवण्याआधी शिक्षक कागदावर काढून पाहतो, तशी ती होती. आता चित्र उलटवून पुन्हा पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट जुळली. चित्रात डाव्या हाताला संध्यामठ, रंकाळ्यातला जुना दगडी मंडप, आहे आणि तो पायथ्याच्या दगडांसकट उघडा आहे. पावसाळ्यानंतर पुष्कळ महिने तो निम्मा पाण्यात असतो. एवढा उघडा पडतो तो कडक उन्हाळ्यात. सावल्या काठाकडून पाण्याकडे पडलेल्या आहेत, म्हणजे वेळ सकाळची. मे महिन्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी तलावाच्या काठी दोन-तीन तास निवांत बसू शकणारा, ड्रॉइंगचा हात असलेला, कागद जपून वापरणारा माणूस. असा माणूस म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतला ड्रॉइंग मास्तर.

इथे थोडे थांबून सांगावेसे वाटते, की पाहण्याची ही रीत माझी नव्हे. एकोणिसाव्या शतकातला इटलीतला जिओव्हानी मोरेल्ली नावाचा, वैद्यकाचे शिक्षण घेतलेला गृहस्थ जुनी चित्रे कोणाची ते ओळखण्यासाठी चेहरे आणि मांडणी बाजूला ठेवून कानांच्या पाळ्या आणि हातांची नखे पाहत असे. जिथे चित्रकार मन लावून काम करतो तिथे तो गुरूचे किंवा काळाचे अनुकरण करत असतो, पण जिथे त्याचे लक्ष नसते तिथे हात आपल्या सवयीने चालतो, असे त्याचे म्हणणे. माझ्या चित्रात कान नव्हते आणि नखेही नव्हती. पाण्याच्या आडव्या फटकाऱ्यांत मात्र एक सवय होती. प्रत्येक फटकारा उजव्या टोकाला किंचित वर उचललेला होता, जणू कुंचला कागदावरून निघताना हाताला हलका झटका बसावा. मी असे सतरा फटकारे मोजले. ही खूण मी मनात पक्की केली, कारण सहीचा उपयोग होईल असे तोवर मला वाटले नव्हते.

सही होती. माउंट निघाल्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात, काठावरच्या गवतात, तपकिरी रंगातली एक आडवी रेघ आणि तिच्या आसपास काही फराटे दिसले होते. रेघेच्या वर दोन ठिपके होते. मी ते भिंगातून पाहिले, फोटो काढून मोठे करून पाहिले, इंग्रजी आद्याक्षरे म्हणून वाचले, देवनागरी म्हणून वाचले. अर्थ लागला नाही. रेघ ही सहीखाली ओढलेली, आणि तिच्या वरचे ठिपके ही पुसट झालेली अक्षरे, असे मी धरून चालले होते. रेघेखालचे फराटे मला गवत वाटत होते.

मोडी वाचणारी माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. इतिहासाच्या कागदपत्रांत तिचे दिवस जातात. ती दुसऱ्याच कामासाठी घरी आली होती. चित्र टेबलावर होते. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "ताई, तुम्ही वरती काय शोधताय? नाव रेघेच्या खाली आहे." मोडी लिहिताना आधी शिरोरेघ ओढतात, ओळभर, सलग, आणि मग अक्षरे तिच्यापासून खाली लोंबतात, एकमेकांना धरून, हात न उचलता. मी ज्याला गवत समजत होते ते तिने बोट न टेकवता, हवेतच गिरवून दाखवले. दोन आद्याक्षरे आणि एक आडनाव. वरचे ठिपके म्हणजे खरोखर फक्त दोन ठिपके होते, कुंचल्यातून उडालेले. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, त्यामुळे आडनावाचा एक स्वर दोन तऱ्हांनी वाचता येत होता आणि पहिल्या आद्याक्षराबद्दलही ती पुरती निःशंक नव्हती. पण आडनाव होते आणि ते कोल्हापूरकडचे होते. एवढे दिवस ते नाव माझ्यासमोर उघड्यावर होते, आणि मी ते गवत म्हणून सोडून दिले होते.

कोल्हापूरला जायला मला दिवाळीनंतरचा मुहूर्त मिळाला. त्या शहरात चित्रकार शोधणे अवघड नाही. आबालालांनंतर बाबूराव पेंटर आले, ज्यांनी रंगांबरोबर सिनेमाचा कॅमेराही स्वतः घडवला. पडद्यावर नाव काढलेल्या चंद्रकांत मांडरे यांनी आपली निसर्गचित्रे त्याच शहरात ठेवली. पण अशी नावे ज्या मातीत वाढली ती माती वेगळीच असते. शाळांशाळांतून पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गाला तांब्या आणि घडवंची काढायला शिकवणारे, सुट्टीत सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून पंचगंगेच्या घाटावर, नाहीतर रंकाळ्यावर जाणारे मास्तर, हे लोक नसते तर कोल्हापूरच्या घराघरांत चित्राची जाण आली नसती. त्यांची चित्रे प्रदर्शनांच्या यादीत सापडत नाहीत. ती लग्नात आहेर म्हणून दिली गेली, डॉक्टरांना फीऐवजी दिली गेली, भिंतीला ओल आल्यावर उतरवली गेली आणि घर विकताना भंगारात गेली.

एका ज्येष्ठ चित्रकारांनी, ज्यांचे वय आता नव्वदीच्या आसपास आहे, मला तासभर बसवून घेतले. मी आडनाव सांगितले नाही. फक्त चित्र समोर ठेवले. त्यांनी चष्मा काढला, चित्र डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आणले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या उजव्या हाताचे मनगट आपोआप हलले. डावीकडून उजवीकडे, आणि शेवटी छोटासा झटका. "पाणी असं सोडायचं," ते म्हणाले, "कागदावर कुंचला निजवून ठेवला की पाणी मरतंय. आमच्या मास्तरांनी हातावर छडी मारून शिकवलंय हे." आणि त्यांनी जे आडनाव उच्चारले ते तेच होते. पहिले आद्याक्षरही त्यांनी दुरुस्त केले.

ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण मास्तरांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे आणि ती मला मान्य आहे. त्यांची थोरली मुलगी आज शहाऐंशी वर्षांची आहे. सगळे त्यांना आक्का म्हणतात, म्हणून मीही आक्काच म्हटले. दोन खोल्यांचे, शेणाच्या जागी आता फरशी आलेले, पण परसात अजून चिंच असलेले ते घर आहे. मी चित्र पिशवीतून काढेपर्यंत त्या मला चहा घ्या, पोहे घ्या, "पुण्यासनं आलासा, उपाशी कशा जाल" असे म्हणत होत्या. चित्र मांडीवर घेतले आणि त्या गप्प झाल्या. त्यांनी ते उजेडाकडे तिरपे धरले, जसे आपण तांदूळ निवडताना सूप धरतो, आणि आकाशाच्या भागावरून बोटाचे टोक अगदी हलके फिरवले.

"हाताला लागतंय बघा," त्या म्हणाल्या.

मी बोट फिरवले. आकाशाच्या फिकट निळ्या वॉशमध्ये, म्हणजे रंगाच्या पातळ थरात, अगदी बारीक खरखर होती. भिंगातून ती मी पूर्वी पाहिली होती: रंगात रुतलेले, पिठासारखे मातकट कण. माझ्या मैत्रिणीला आणि मला ती बुरशीची सुरुवात वाटली होती आणि तिचा बंदोबस्त कसा करायचा यावर आम्ही बरेच बोललोही होतो. आक्का म्हणाल्या, की अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, घरून पाणी कधी नेत नसत. रंकाळ्यावर गेले की रंकाळ्याचे पाणी, पंचगंगेवर गेले की पंचगंगेचे. डालड्याच्या डब्याला तार बांधलेली असे, तो पाण्यात सोडून भरून घ्यायचा आणि त्याच पाण्यात रंग कालवायचे. मे महिन्यात पाणी तळाला गेलेले असे, त्यामुळे त्यात गाळ यायचा. आई म्हणायची, फडक्यातून गाळून तरी घ्या. ते म्हणायचे, ज्याचं चित्र त्याचंच पाणी. आक्का तेव्हा सहा-सात वर्षांच्या असतील. डबा धरून बसण्याचे काम त्यांच्याकडे असे आणि बक्षीस म्हणून परतताना एक आण्याचे भिजवलेले शेंगदाणे मिळत.

त्यांच्याकडे अण्णांचे एकही रंगवलेले चित्र उरलेले नाही. एक चोपडी आहे, पुठ्ठा सुटलेली, पेन्सिलीच्या कामाची. तिच्यात शालिनी पॅलेसचा मनोरा तीन वेळा काढलेला आहे. एका पानावर कडेला, मोडीतच, रंगांची टिपणे आहेत. मी त्या पानाचा फोटो काढून तिथूनच त्या मोडी वाचणाऱ्या मुलीला पाठवला. थोड्या वेळाने तिचे उत्तर आले: "पाणी पुढे हिरवट, मागे राखी. मनोरा कोरा सोडणे." मी चित्राकडे पाहिले. मनोऱ्याची उजळ बाजू रंगवलेली नाही. तिथे कागदच ठेवला आहे. पूर्वीच्या जलरंगवाल्यांना पांढरा रंग वापरणे कमीपणाचे वाटे. उजेड हवा असेल तिथे कागद राखावा लागे, आणि तो आधी ठरवावा लागे, कारण एकदा रंग लागला की कागद परत मिळत नाही. बाजारात रुमालाने काच पुसताना जे ऊन मला दिसले होते, ते ऊन म्हणजे मास्तरांनी हात न लावलेली जागा होती.

निघायच्या आधी मी चित्र आक्कांपुढे सरकवले आणि ते त्यांनी ठेवून घ्यावे असे म्हटले. हे मी पुण्याहून निघतानाच ठरवले होते. त्यांनी नकार दिला आणि त्या नकारात संकोच नव्हता. "अण्णांनी विकलं असेल, नाहीतर दिलं असेल. दिलेलं परत घरात घ्यायचं नसतं. तुमच्याकडं राहू द्या. फक्त उन्हात लावू नका."

मग मी चित्रामागचा तो खाकी कागद काढला, जो मी जपून ठेवला होता. त्याच्यावर निळ्या बॉलपेनने आबालाल असे लिहिलेले होते. ते खोडावे का, असे मी विचारले. आक्का म्हणाल्या, नको. आबालालांचं नाव कशाला खोडायचं, अण्णा त्यांना हात जोडायचे. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली. आधी त्या नावाखाली एक सलग आडवी रेघ ओढली, कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, थरथरत्या हाताने पण न थांबता. आणि रेघेच्या खाली, लहानपणी वडिलांनीच शिकवलेल्या मोडीत, त्या वडिलांचे नाव लिहू लागल्या.